जाळीवरचं नाव

“…पण बुवा, गुरूचं नाव आपल्या हातानं उतरवायचं असतं का कधी?”

महिपती दुधाळ मठाच्या ओसरीवर नीट टेकलाही नव्हता. उत्तर ‘नाही’ असंच येणार, हे धरूनच आला होता गडी. मी तिथं चहा गाळत होतो. पुढं लोकांनी या गोष्टीत नाही नाही ते चमत्कार घुसडले, म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

नरहरबुवा सुपारी कातरत होते. “कोण उतरव म्हणतं?”

“इस्माईल मिस्त्री.”

“का?”

महिपतीचा ट्रक सिमेंटच्या गोण्या घेऊन आमच्या मठापुढचा घाट चढतो. उन्हाळा लागल्यापासून गाडी चढावर धापा टाकायला लागली होती. परवा तर मधल्या वळणावर बंदच पडली आणि भरल्या मालानिशी मागं सरकली. मागं वऱ्हाडाची जीप. ब्रेक लागेपर्यंत दोन्ही गाड्यांत हातभर अंतर उरलं. आजही गाडी भरलेली होती, आणि तोच घाट चढायचा होता.

“मिस्त्री म्हणतो, इंजिनात हवा गरम जाते. गरम हवा विरळ, तिच्यात जोर नाही. फिल्टर बदलला, पाइप बदलला. आता म्हणतो, आत जाणारी हवा गार करणारी जाळी पुढं असते, तिच्यासमोरच तू बोर्ड ठोकलायस, तिला वारा लागणार कुठनं… मी म्हणालो, तोंड सांभाळ.”

“कसला बोर्ड?”

महिपती खुलला. “चला ना, दाखवतो.”

आम्ही पायऱ्या उतरून खाली गेलो. ट्रकच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी पत्रा. त्यावर बुवांचं नाव, मधोमध बुवांचा चेहरा. बुवांनी बराच वेळ स्वतःकडं पाहिलं.

“नाक जरा मोठं काढलंय.”

महिपती ओशाळला.

“दशरथही माझाच शिष्य, त्याच्या गाडीवरचा बोर्ड वीतभरच आहे की रे.”

“म्हणूनच तर…”

“म्हणूनच काय?”

“हवा करायची होती, बुवा.”

बुवा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी महिपतीच्या हातात दिला.

“हा नाकातोंडावर बांध. घट्ट. आणि गाडीतली एक गोणी खांद्यावर घेऊन वर जा.”

महिपतीनं पंचा कपाळाला लावला, बांधला, गोणी घेतली आणि पायऱ्या चढायला लागला. वैशाखातलं ऊन. मला वाटलं होतं, वर पोचेल. चांगला पैलवानी अंगाचा माणूस. पण निम्म्या पायऱ्यांवर त्यानं गोणी टाकली आणि पंचा ओढून काढला. तोंड लालबुंद झालं होतं.

बुवांनी खालून विचारलं, “का काढलास?”

“श्वास… घेता येईना.”

“माझाच होता ना पंचा?”

महिपतीनं हातातल्या पंचाकडं पाहिलं. मग खाली आला, केबिनमधून पाना काढला आणि पत्र्याचा एक नट सैल केला. दुसऱ्या नटाला पाना लावला आणि तिथंच मटकन बसला. एवढा दांडगा माणूस, ढसाढसा रडायला लागला.

“बुवा, परवा आरशात त्या जीपमधली पोरं दिसली मला. हसत होती… तेव्हापासून घाटाची धास्तीच बसलीय. मिस्त्री खरं बोलतोय, ते मलाही कळतंय. पण तुमचं नाव पुढं आहे, एवढ्यावरच मी स्टिअरिंग धरतो. तेही काढलं तर घाटात माझ्याबरोबर कोण?”

बुवांनी त्याच्या हातातला पाना घेतला आणि राहिलेले नट स्वतः काढायला बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, त्यात दमेकरी. मी पुढं झालो तर मला डोळ्यांनीच मागं सारलं. त्यांना वेळ लागला. शेवटचा नट निघाला तेव्हा पत्रा कलंडला, तो मी आणि महिपतीनं धरून लिंबाखाली ठेवला. मागची जाळी धुळीनं आणि किड्यांनी लिंपून गेली होती. महिपतीनं त्याच पंचानं ती झाडली.

महिपती पत्र्याकडं पाहत उभा राहिला. “आता हे…”

बुवांनी केबिनचा दरवाजा उघडला. पायरी उंच होती. त्यांनी माझा खांदा धरला, एक पाय वर टाकला आणि दम खायला थांबले.

“नाव राहू दे इथंच,” ते म्हणाले. “मी येतो.”