थोरलीची खिंड

समोरची ही खिंड बघा, पाहुणे. हिला थोरलीची खिंड म्हणतात. चैत्रात तापीकाठची माणसं देवीच्या गडाला पायी निघाली की इथूनच वर चढतात. वाटेच्या कडेला जागोजागी सपाट दगड आहेत, ते बसण्यासाठी. आणि जथ्यात जे माणूस वयानं सर्वांत मोठं असेल, त्याला मागे टाकून कुणी पुढं जात नाही, मग कितीही घाई असो.

पूर्वी म्हणे रीत उलटी होती. म्हातारी माणसं इथं पायथ्याला, चिंचांच्या सावलीत थांबायची. तरणी मंडळी त्यांचे नारळ घेऊन खिंड चढायची, गडावर वाहायची आणि परतताना प्रसाद आणून हातावर ठेवायची. कुणाला त्यात वाईट वाटत नसे. निदान तसं कुणी बोलत नसे.

अशाच एका चैत्रात धुरपदाबाई आली. ती तरुण असताना तिच्या एकुलत्या मुलाला देवी आल्या होत्या. पोर हातचं जातंय असं दिसलं तेव्हा तिनं गडावरच्या आईला शब्द दिला, हा वाचला तर तुझ्या दाराशी पायी येईन. मुलगा वाचला, नवस मात्र राहून गेला. सासू अंथरुणाला खिळली, नवरा गेला, शेत एकटीवर पडलं, मग नातवंडं आली. दर चैत्रात जथा वेशीबाहेर पडायचा आणि ही दारात उभी राहून हात जोडायची. घर तिच्यावाचून चालू लागलं तोवर पाठीला बाक आला होता. मुलगा म्हणाला, लांबच्या रस्त्यानं बैलगाडीतून नेतो. तिनं ऐकलं नाही.

सगळी वाट ती जथ्याच्या शेवटी चालली. तळव्यांना फोड आले, तर चिंध्या बांधून चालली. पायथ्याशी आल्यावर जथ्याचा म्होरक्या दौलत रीतीप्रमाणे नारळ मागायला आला. पोरगा मनानं चांगला होता, उद्धट नव्हता.

"दे माय," तो म्हणाला. "तुझ्या नावानं मी वाहतो."

धुरपदाबाईनं नारळ पदराखाली ओढून घेतला. "देवीला मी माझे पाय बोललेय, दौलत. तुझ्या पायांनी नवस कसा फिटेल?"

दौलतनं परोपरीनं समजावलं, चढ अंगावर येणारा आहे, ऊन वाढतंय. शेवटी तो तरण्या मंडळींना घेऊन निघून गेला. धुरपदाबाई एकटीच चढू लागली. थोडं चढायची, दगडावर टेकायची, दम खाऊन पुन्हा उठायची. चिंचांखालची म्हातारी माणसं खालून पाहत होती. ती पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा गुडघेदुखीनं बेजार असलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. तोही खिंडीची वाट चढू लागला. मग त्याच्या मागून एकेक करून सगळेच उठले.

तिकडे तरणे कधीच माथ्यावर पोचले होते. खिंडीतून गडाचं शिखर दिसलं की हात जोडायचे आणि मगच पुढं पाऊल टाकायचं, असा नेम होता. पण त्या दिवशी वावटळ अशी उठली, की समोर धुळीची भिंतच उभी राहिली. गड दिसेना. सकाळ गेली, दुपार गेली, मंडळी अडकून बसली. नेम मोडायची कुणाची छाती होईना.

दिवस कलला तेव्हा धुरपदाबाई माथ्यावर आली. दौलत धावत गेला, पण तिनं त्याचा हात धरला नाही. ती खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि नारळ कपाळाला लावला. असं सांगतात, की त्याच घटकेला वारा पडला. धूळ खाली बसली आणि उन्हात न्हालेला गड समोर उभा राहिला. मागून म्हातारी माणसं एकेक करून वर येत होती, आणि प्रत्येकाच्या तोंडून देवीचा जयजयकार निघत होता.

दौलतनं आपल्या खांद्यावरचं निशाण काढून धुरपदाबाईच्या हाती दिलं. "आता तू चाल पुढं," तो म्हणाला. "आम्ही तुझ्या पावलानं येतो." गडापर्यंत ती पुढं आणि सारा जथा तिच्या मागं. उतरताना त्याच तरण्या पोरांनी, ती जिथं जिथं टेकली होती, तिथं तिथं सपाट दगड बसवले.

आजही चैत्रात जथा पायथ्याला आला की म्होरक्या हाक देतो, "थोरलं कोण?" आणि निशाण त्या माणसाच्या हाती जातं. या हाकेला तुम्ही एकदा हजर राहाच. एरवी वय चोरणाऱ्या बाया इथं मात्र दोन-चार वर्षं वाढवूनच सांगतात.