उतारावरची मुळं

डोंगरमाथ्यावरच्या एका थंडगार जंगलात एक सशीण आपल्या दोन पिलांसह राहत असे. स्वभावाने भारी भित्री. पान गळलं तरी तिच्या काळजात धस्स होई. तिचं बीळ उताराच्या पोटात होतं. वरची माती पिलांवर ढासळू नये म्हणून तिने उतारभर जिरेनियमची रोपं लावली होती. त्यांना जांभळी फुलं आली, आणि मुलांनो, त्या उन्हाळ्यात सशीण प्रथमच स्वस्थ झोपली.

थंडी पडली तशी पानं तांबडी झाली, मग वाळून जमिनीला चिकटली. सशीण हबकली. फांदीवरून कावळा म्हणाला, "बघतेस काय सशीणबाई? मेलीत ती! मी उंचावरून सगळं बघत असतो. असली मढी दाराशी ठेवलीस तर कीड लागेल. उपट!"

'कीड' ऐकलं मात्र, सशीण मागचापुढचा विचार न करता रोपं मुळांसकट ओढून दरीत भिरकावू लागली. अर्धा उतार उघडा झाला, तोच मातीतून एक चिचुंद्री ओरडली, "अगं ए! माझ्या छपरातून उजेड यायला लागला की! आवर!"

"पण ताई, ती मेलीत ना?"

"वर वाळलीत. खाली मुळं माझ्या उशाशी आहेत, चांगली ओली. वाळलेलं काप हवं तर. मुळाला हात लावू नकोस."

"आणि मी फेकली ती?"

चिचुंद्री छपराचं भोक ओल्या मातीने बुजवू लागली.

हिवाळाभर सशीण उरलेल्या उताराकडे बघत राहिली. हिरवं म्हणून काही दिसेना. खरं कोणाचं, कावळ्याचं की चिचुंद्रीचं? मग बर्फ वितळलं आणि पाण्याचा लोंढा आला. उघडा भाग धाडकन कोसळला. पिलांवरचा भाग थरथरला, पण मुळांनी माती सोडली नाही.

थोड्या वेळाने चिखलाने माखलेली चिचुंद्री दाराशी आली. तिचं घर वाहून गेलं होतं.

"पिलं?" तिने आधी विचारलं.

"आहेत," सशीण म्हणाली. ती बाजूला सरकली आणि तिने चिचुंद्रीला आत जागा करून दिली.

ऊन तापलं तसे जुन्या मुळांतून हिरवे कोंब वर आले. दोघींनी एक गड्डा उकरून त्याचे तुकडे केले आणि ढासळलेल्या बाजूला लावले. कावळा वरून म्हणाला, "अरे, जिवंत होती वाटतं!" आणि उडून गेला.

तात्पर्य : वरून वाळलेलं दिसलं म्हणून मूळ मेलं असं मानू नये, घाबरून केलेल्या घाईत घर मात्र दुसऱ्याचंच वाहून जातं.