निळ्या खंड्याचा ठसा

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत बकुळवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला, गवताच्या खोपटात, जिवा आणि त्याची मोठी बहीण आक्का राहायची. आईबाप नव्हते. आक्काच जिवाची आई, आक्काच बाप, आणि भांडायला हक्काचं माणूसही आक्काच.

दोघं मिळून लग्नाच्या आहेराची पाकिटं बनवायची. झिजलेल्या चपलेचा रबरी तळ कापून आक्का त्यावर कधी राघू कोरायची, कधी मोर, कधी आंब्याचं पान. रंगाची वडी पाण्यात विरघळवून चिंधीवर ओतायची, ठसा चिंधीवर टेकवायची आणि कागदावर दाबायची. ठक्. कागदावर राघू येऊन बसायचा.

पण नऊ दिवस खोपटात ठक् वाजलं नव्हतं. आक्का तापाने अंथरुणाला खिळली होती. वैद्यबुवांनी नाडी बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "आजचा दिवस काढला तर खूप."

ते गेल्यावर आक्काने डोळे उघडले. "जिवा, मला एक खंड्या छापून आण की. तळ्यावरचा. निळा."

जिवा उठला तो पळतच सुटला. चपलेचा तुकडा, चाकू आणि निळ्या रंगाची उरलेली नखाएवढी वडी घेऊन तो बकुळीच्या बनात गेला. तळ्यावर खंड्या बसलाच होता. त्याच्याकडे बघत जिवाने ठसा कोरला, पण इतक्या घाईत, की एक पंख तोकडाच राहिला.

तेवढ्यात पाण्याच्या पाटाजवळ कुणीतरी मुसमुसलं. जिवाने वाकून बघितलं. अंगठ्याएवढी परी. बकुळफुलाचा झगा, दवाच्या थेंबांचे पैंजण. पंख मात्र काचेसारखे कोरे.

"काय झालं गं?"

"पाटात पडले," परी म्हणाली. "माझ्या पंखांचा रंग पाण्यात विरघळतो. सगळा वाहून गेला. रंग नसला की मला उडता येत नाही. ऊन चढलं की मी दवासारखी विरून जाईन."

जिवाने हातातली वडी बघितली. एकच खंड्या होईल एवढी होती ती. पण आक्काने काय केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने वडी तळहातावर पाण्याच्या थेंबात कालवली आणि करंगळीने परीचे पंख हळूहळू टिपले. पंख निळे झाले, मग जांभळे, मग चांदणं सांडल्यासारखे लखलखले.

परी भुर्रकन उडाली आणि ठशावर येऊन बसली. तिने पंख झटकला. एक निळा थेंब ठशावर पडून पसरला.

"ज्याच्यावर हा खंड्या उमटेल ते बरं होईल," ती म्हणाली. "पण नेम ऐकून घे. स्वतःवर ठसा मारायचा नाही. ठसा पाण्यात बुडवायचा नाही, रंग वाहून जाईल. आणि ह्या थेंबात ठसे आहेत फक्त..."

"खरंच बरं होतं?" म्हणत जिवाने शेजारच्या वाळक्या चाफ्यावर ठसा मारलासुद्धा. ठक्. चाफा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुलांनी भरून गेला.

"...तीन," परी म्हणाली. "आता दोन राहिले. अरे, माझं बोलणं तरी पुरं होऊ द्यायचं होतंस."

जिवाने जीभ चावली. दोन तर दोन. एक आक्काला. तो धावत निघाला.

बनाच्या वाटेवर एक पांढरं वासरू मोडका पाय घेऊन पडलं होतं. गाय त्याला चाटत होती आणि हंबरत होती. जिवा पुढे गेला, थांबला, मागे आला. "तू पण आईच आहेस ना," असं गाईला म्हणत त्याने वासराच्या पायावर ठसा मारला. वासरू उठलं आणि शेपटी उडवत गाईभोवती नाचायला लागलं.

उरलेला एक ठसा जिवाने छातीशी घट्ट धरला. आता डोळे मिटूनच पळायचं, असं त्याने ठरवलं.

पण डोळे मिटले तरी कान उघडे होते. वडाखाली गावातल्या भागाआजीने टाहो फोडला होता. तिच्या मांडीवर तिची नात पडली होती, चार वर्षांची चिमा. पायावर सापाचे दोन दात. ओठ निळे पडले होते.

"कुणी आहे का रे?" आजी म्हणाली. "पोर चालली माझी."

जिवाचे पाय जमिनीत रुतले. घरी आक्का होती. पण आक्का अजून श्वास घेत होती, आणि चिमाचा श्वास सापडत नव्हता. त्याने ठसा चिमाच्या पायावर मारला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

चिमाने डोळे उघडले. "आजी, हा दादा का रडतो?"

जिवा रडतच घरी गेला. आक्काचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. तिच्याजवळ बसून त्याने हुंदके देत सगळं सांगितलं.

"माझ्याकडे तुझा ठसा होता, आक्का. मी देऊन टाकला."

"मग काय, चिमाला तशीच सोडून येणार होतास?" आक्काचा आवाज जेमतेम निघत होता. "बघू तरी खंड्या." तिने ठसा डोळ्यांजवळ धरला. "पंख तोकडा कोरलास."

"घाईत होतो."

"तू घाईत कधी नसतोस रे?" ती हसली. मग ठसा निरखत राहिली. "जिवा, रंग संपला नाही. वाळलाय नुसता. बघ, रेघांच्या कडांना निळा आहे."

"पाणी लावायचं नाही. वाहून जाईल."

"पाणी कशाला? नुसती वाफ द्यायची. 'हाऽ' असं करायचं, तोंडाजवळ धरून. मी कितीदा केलंय, वडी संपली की."

जिवाने ठसा तोंडाशी नेला, पण हुंदक्यांनी त्याचा श्वास तुटत होता आणि डोळ्यांतलं पाणी ठशावर पडू पाहत होतं. आक्काने ठसा त्याच्याकडून घेतला. होता नव्हता तेवढा जीव गोळा करून तिने त्यावर श्वास सोडला. "हाऽ..."

रेघांतला वाळका रंग ओलावला, चमकला. जिवाने ठसा तिच्या तळहातावर दाबला. ठक्.

फिकट, अगदी फिकट निळा खंड्या उमटला.

जिवा श्वास रोखून बसला. आधी आक्काच्या कपाळावर घामाचे मोती फुटले. मग गाल गुलाबी झाले. मग ती उठून बसली आणि म्हणाली, "भाकरी आहे का रे? का नऊ दिवस नुसते चुरमुरे खाल्लेस?"

दारातून उन्हाची तिरीप आली. तिच्यात परी तरंगत होती. "तीन ठसे मी दिले होते," ती हळूच म्हणाली. "चौथा तुम्हा भावंडांचा. तो मला देता आला नसता." तिने पंख पसरले. खोपटाची काडी न् काडी निळ्या, रुपेरी, सोनेरी उजेडाने झगमगली, आणि त्या उजेडात परी उडून दिसेनाशी झाली.

"जिवा, बघितलीस का?" आक्का म्हणाली. "काय सुंदर गेली रे ती."

"नाही बघितली," जिवा म्हणाला. "मी तुझ्याकडे बघत होतो."