तुरीच्या मुळांतले पाहुणे

झाडं एकमेकांशी भांडत असत, तेव्हाची गोष्ट. एका मुरमाड माळावर ज्वारी आणि तूर शेजारी उगवल्या. जमीन एवढी हलकी, की दोघी पिवळ्या पडू लागल्या. झाडांचं खाणं वाऱ्यात भरून होतं, पण ते तसंच्या तसं कुणाला पचत नव्हतं.

एकदा डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ज्वारीच्या मुळाशी आले. म्हणाले, "बाई, आत थारा द्या. तुमच्या पानांतली थोडी साखर द्या, आम्ही वाऱ्यातलं खाणं तुम्हाला रांधून घालू."

"निघा! इथं माझंच भागत नाही!" ज्वारी खेकसली.

तुरीचंही पोट रिकामंच होतं. तरी ती म्हणाली, "या बाबांनो. आहे त्यात भागवू."

थोड्याच दिवसांत पाहुणे राहिले तिथं तिच्या मुळांवर गाठी उठल्या.

"रोग जडला गं तुला!" ज्वारी खदाखदा हसली. तूर मनातून चरकली, पण पाहुण्यांना तिने बाहेर काढलं नाही.

आणि मग ती अशी हिरवीगार झाली, अशी शेंगांनी लगडली, की वाटसरू थबकू लागले! ज्वारी मात्र गुडघ्याएवढीच राहिली.

शेताच्या मालकिणीने, भागाक्काने, तूर कापली आणि मुळं जमिनीतच ठेवली. "पुढच्या साली ज्वारी इथंच पेरायची," ती म्हणाली.

गाठींतलं खाणं मातीत मुरलं. तिथं ज्वारीची लेक उगवली, ती पुरुषभर वाढली. कणीस भरलं, तशी तिची मान जमिनीकडे झुकली.

लोक म्हणाले, दाण्यांचा भार. मातीतल्या गाठींना खरं काय ते ठाऊक होतं.