हृदयबाईचा नेम

फार फार मागे, माणूस नुकताच घडला होता तेव्हाची ही गोष्ट. लेकीबाळींनो, थोरांनो, हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि ऐका.

देह नावाचं एक नगर होतं. नगराच्या मधोमध, किंचित डावीकडे झुकलेलं, चार खोल्यांचं घर होतं. तिथे हृदयबाई राहायची. साऱ्या नगराला रक्त पुरवायचं, हे देवानं तिला नेमून दिलेलं काम.

नगरभर फिरून दमलेलं, काळवंडलेलं रक्त तिच्या उजवीकडच्या खोल्यांत यायचं. ती ते शेजारी राहणाऱ्या आपल्या दोघी बहिणींकडे, फुप्फुसांकडे पाठवायची. त्या त्याला वारा घालायच्या, लालचुटूक करायच्या आणि डावीकडच्या खोल्यांत परत धाडायच्या. मग हृदयबाई असा जोर लावायची, की रक्त थेट पायाच्या करंगळीपर्यंत पोचावं. घराची दारं एकाच बाजूला उघडणारी. पुढे गेलेलं मागे फिरायचं नाही.

देवानं एक रीतही घालून दिली होती. डावीकडून रक्त बाहेर पडलं, की पहिल्याच वळणावर दोन बारीक पाट फुटायचे आणि हृदयबाईच्याच घराकडे वळायचे. जोर लावून झाला की ती क्षणभर सैल व्हायची. तेवढ्यात आपला घोट घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायची.

एकदा चातुर्मास लागला. नगरात ज्यानं त्यानं नेम धरले. जिभेनं मीठ सोडलं, पायांनी वहाणा सोडल्या. पोटोबा ढेकर देत म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय सोडणार? आमची पंगत बसायच्या आधी स्वतःचं पान वाढून घेता, ते तरी सोडा!"

सगळे हसले. पोटोबा थट्टेनंच बोलला होता, पण हृदयबाईचा चेहरा उतरला. घरची बाई आणि आधी जेवते! तिनं नेम धरला: नगरातल्या शेवटच्याला मिळेपर्यंत आपण घोट घ्यायचा नाही. दोन्ही पाटांच्या तोंडाशी तिनं माती लिंपली.

पण करंगळीला पोचेतो डोक्याला पुन्हा तहान लागायची. रक्ताची वाट गोल. तिथे शेवटचा कुणी नव्हताच. हृदयबाईची पाळी कधी आलीच नाही. मातीतून थेंब थेंब झिरपेल, तेवढ्यावरच ती तगून राहिली.

नगर मात्र तिचे गोडवे गाऊ लागलं. "अशी बाई शोधून सापडायची नाही," पोटोबा चारचौघांत सांगायचा. तिलाही ते ऐकून बरं वाटायचं.

पुढे पुढे नगर चढण चढू लागलं, की तिच्या घरावर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं. डावा हात कळवळून म्हणाला, "बाई, तुमची कळ माझ्यापर्यंत येतेय. काय होतंय, सांगा ना!"

"काही नाही रे. नेम पुरा होऊ दे."

धाकटी बहीण रडकुंडीला आली. "अक्का, देवानं तुझं पान आधी मांडलं, ते काय तुझे लाड करायला? तू उभी राहिलीस तर आम्ही!"

"सगळे उपाशी असताना मी पानावर कशी बसू गं?"

मग एका सकाळी घराचा एक कोपरा गार पडला. ठोका चुकला. नगराला दरदरून घाम फुटला, डोक्यात अंधार दाटला, पोटोबाला मळमळू लागलं. दोघी बहिणी धावल्या. नखांनी त्यांनी पाटांची माती उकरली. रक्त आत आलं. हृदयबाई वाचली.

तो कोपरा मात्र पुन्हा जिवंत झाला नाही. तिथे नुसता वण राहिला. डोंगर चढणारं नगर आता तुळशीला प्रदक्षिणा घालतानाही धापा टाकतं.

पोटोबा दाराशी मान खाली घालून बसला. "वहिनी, मी गंमत केली हो."

"तुम्ही गंमत केलीत, भावजी," ती हळूच म्हणाली. "देवानं ओंजळीत घातलेलं मीच परत केलं आणि त्याला पुण्य म्हटलं."

उरलेल्या बळावर ती अजून नगर चालवते. देव दयाळू, म्हणतात की वणाच्या कडेनं आता बारीक बारीक नवे पाट फुटू लागलेत.

बोध: जिच्या जिवावर घर चालतं, तिनं आपला घास वेळेवर घ्यावा, देवानं दिलेला वाटा नाकारण्यात पुण्य नाही.