केरबाची पावती

चिंचखोपी नावाच्या गावात एक भोळा गडी राहत होता. त्याचं नाव केरबा. अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ, कामाला कधी नाही म्हणायचा नाही. खोट एकच होती. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. आता ही खोट कशी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

केरबाच्या आईचं नाव हौसाबाई. तिला रात्रंदिवस एकच ध्यास होता. दारी सून यावी, उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवावं, सुनेनं ते उजव्या पायानं लवंडावं आणि घरात पाऊल टाकावं. त्यासाठी तिनं पितळेचं माप कधीपासून घासूनपुसून फळीवर ठेवलं होतं. पण केरबाला मुलगी देतो कोण? दोन स्थळं दारापर्यंत येऊन, त्याच्याशी चार शब्द बोलून माघारी गेली होती.

एक दिवस हौसाबाई कळवळून म्हणाली, "आरं, आपल्याला कळत नसंल तर शहाण्याला इचारावं. त्यो सांगंल तसं करावं."

केरबानं ते मनावर घेतलं. शहाणा माणूस शोधत तो गावभर फिरला आणि एसटी स्टँडवर येऊन थांबला. तिथं पोलीस चौकी होती. चौकीच्या भिंतीवर पाटी होती, 'नागरिकांनी आपल्या शंका निःसंकोच विचाराव्यात.' गावात दुसऱ्या कोणाच्याच भिंतीवर अशी पाटी नव्हती. मास्तरांच्याही नव्हती. केरबाला शहाणा माणूस सापडला.

चौकीत जगदाळे हवालदार बसायचे. माणूस भला होता. पाटी त्यांनी लावलेली नव्हती, ती वरून आली होती.

केरबानं पहिली शंका विचारली. वाटेत एक शेळी सापडली, कोणी सोबत नव्हतं म्हणून घरी नेऊन बांधली, पाला घातला, आता पुढं काय करायचं? त्या वेळी शेळीचा मालक बाकावर बसून शेळी चोरीला गेल्याची तक्रारच सांगत होता. तो उठून अंगावर धावला. हवालदारांनी त्याला आवरलं आणि केरबाला समजावलं.

"मालक नसलेली वस्तू सापडली की घरी न्यायची नसते. थेट चौकीत आणायची, जमा करायची, पावती घ्यायची आणि गुमान घरी जायचं. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. कळलं नाही असं तो कधी म्हणालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारावर ज्ञानूतात्या झोपले होते. तात्या पंचक्रोशीत लग्नं जुळवायचे, आणि जेवून आले की पारावर अंग टाकायचे. केरबानं चहूकडं पाहिलं. तात्यांच्या आजूबाजूला कोणी मालक दिसेना. त्यानं तात्यांना खांद्यावर टाकलं. तात्या जागे झाले, पाठीवर बुक्क्या मारू लागले, पण केरबा थांबला नाही. चौकीत जाऊन त्यानं त्यांना टेबलावर ठेवलं आणि पावती मागितली.

हवालदारांनी आधी तात्यांना पाणी दिलं. मग केरबाला सांगितलं, की माणूस आडवा पडलेला दिसला तर त्याला उचलायचं नाही. हात लावायचा नाही. भोवती खडूनं रिंगण काढायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि पोलिसांना बोलवायचं.

"कळलं," केरबा म्हणाला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी हौसाबाईच्या परसात कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. शेजारीपाजारी घागरी, बादल्या घेऊन धावत आले. बघतात तर केरबा गंजीभोवती रिंगण काढतोय. मातीवर खडू उमटेना म्हणून त्यानं आईचा रांगोळीचा डबा घेतला होता. रिंगण पुरं झालं तसं त्यानं दोन्ही हात पसरले आणि एकालाही आत जाऊ दिलं नाही.

"हात लावू नगा. पोलीस येऊ द्या."

पोलीस आले तेव्हा गंजीची राख झाली होती. गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं होतं. रिंगण मात्र शाबूत होतं. हवालदारांनी डोक्याला हात लावला. ते म्हणाले, "अरे बाबा, धूर दिसला की विचारत बसायचं नाही. आधी पाणी ओतायचं. बोलायचं ते मागनं."

"कळलं," केरबा म्हणाला.

त्यानंतर नवल घडलं. ज्ञानूतात्यांनी खांद्यावरची वरात विसरून केरबासाठी एक स्थळ आणलं. वरच्या गावचे हिंदुराव, त्यांची मुलगी मालन. हिंदुराव घर पाहायला येणार होते. हौसाबाईनं अंगण सारवलं, शेव तळली आणि केरबाला बजावलं, की पाहुण्यासमोर एक अक्षर बोलायचं नाही.

हिंदुराव आले. ओट्यावर टेकले. घर पाहिलं, विहीर पाहिली, मान डोलावली. समाधानानं त्यांनी बिडी शिलगावली.

केरबाला धूर दिसला.

तो एक अक्षर बोलला नाही. आईनं सांगितलेलंही पाळलं आणि हवालदारांनी सांगितलेलंही. म्हशीच्या अंघोळीला भरलेली बादली त्यानं उचलली आणि पाहुण्यांच्या फेट्यावर ओतली. बिडी विझली. हिंदुरावांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. हौसाबाईनं शेवेची ताटली खाली ठेवली. हे तिसरं स्थळ होतं, आणि चौथं कोणी आणणार नव्हतं.

तात्यांनी मात्र डोकं चालवलं. ते हिंदुरावांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, की पोरगा इतका निर्व्यसनी आहे, त्याला दुसऱ्याच्या बिडीचा धूरसुद्धा सोसत नाही. हिंदुरावांचे दोन्ही थोरले जावई दारू प्यायचे. त्यांनी मिशी पिळली, विचार केला आणि सुपारी फोडायला होकार दिला. हौसाबाईचा जीव भांड्यात पडला.

केरबा तरी चौकीवर गेलाच. धूर तर विझवला, मग सगळे असे का पाहत होते, ही शंका त्यानं विचारली. हवालदारांनी सांगितलं, "दारात माणूस आला की आधी हात जोडायचे. नाव विचारायचं, गाव विचारायचं. बसवायचं, चहा द्यायचा. जाताना ओझं असेल तर हात लावायचा. याला माणुसकी म्हणतात."

लग्नाला आठवडा राहिला असताना, भरदुपारी हौसाबाई बांगड्या भरायला गेली आणि घरात एक माणूस शिरला. केरबानं हात जोडले.

"नाव?"

"सांगतो मागनं."

"गाव?"

"लांब हाय."

केरबानं त्याला बसवलं, चहा दिला. माणसानं घाईघाईनं चहा घेतला, जीभ पोळली. मग त्यानं लग्नासाठी आणलेला तांब्याचा हंडा खाली घेतला. हंडा जड होता. केरबानं हात लावून तो त्याच्या डोक्यावर चढवला, खाली चुंबळही करून दिली आणि त्याला वेशीपर्यंत सोडून आला.

या वेळी हवालदारांनी हात टेकले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "केरबा, आजपासून नवीन काही शिकायचं नाही. शिकवायची माझी ताकद संपली. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, तेवढंच धर. बाकी सगळं विसर."

"कळलं," केरबा म्हणाला. मग त्यानं हवालदारांना लग्नाचं आवतण दिलं.

लग्न चिंचखोपीच्या मारुतीच्या देवळापुढं लागलं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, केरबानं काहीही केलं नाही. सगळं गाव त्याच्यावर नजर ठेवून होतं आणि तो नुसता उभा होता. हौसाबाईला रडूच फुटलं. जेवणं झाली. पाठवणीच्या वेळी हिंदुरावांनी लेकीला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पोर आजपासनं आमची न्हाई."

केरबानं ते ऐकलं.

तेवढ्यात एक शेजारीण हौसाबाईला म्हणाली, की आली बाई एकदाची तुझी सून. हौसाबाई हसली आणि म्हणाली, "आमची कुठली एवढ्यात? माप लवंडून आत येईपतोर आमची न्हाई." आणि ती माप भरायला बायकांना घेऊन लगबगीनं पुढं निघाली. तिच्या मागनं हवालदारही निघाले, घरी लाडू होते.

केरबानं तेही ऐकलं.

वरात निघाली. पुढं बँड, मागं केरबाची बैलगाडी. बैल दुसऱ्याच्या हातात द्यायला केरबा तयार नव्हता, म्हणून बाशिंग बांधून तोच गाडी हाकत होता. गाडीत मालन होती आणि तिची पाठराखीण म्हणून आलेली म्हातारी आत्या होती. आत्या कानानं ठार बहिरी, आणि जेवण जास्त झाल्यामुळे झोपलेली. वऱ्हाडी बँडपुढं नाचण्यात दंग होते, मागं कोणी पाहत नव्हतं.

केरबाचं डोकं चालू झालं. बाप म्हणतो आमची नाही. आई म्हणते आमची नाही. मग ह्या मधल्या रस्त्यावर ही कोणाची? त्यानं मागं वळून पाहिलं. मालन मान खाली घालून बसली होती. केरबाला तिची फार दया आली. एवढी चांगली मुलगी, आणि मालक म्हणून कोणी नाही. स्टँड आला. बँड सरळ गेला. केरबानं गाडी वळवली.

चौकीत त्या दिवशी एक नवा शिपाई होता. लग्नाला जाताना हवालदारांनी त्याला बजावलं होतं, की मी लाडू खाऊनच येणार, कोणी काही आणून दिलं तर वाद घालू नको, जमा करून घे, पावती दे आणि वाटेला लाव. शिपाई नवा होता. सांगितलेलं तसंच करायचा.

मालन गाडीतून उतरली. आईनं तिला सांगून पाठवलं होतं, की नवरा नेईल तिथं जायचं आणि उलट विचारायचं नाही. तरी तिनं हळूच विचारलं, "अहो, ही तुमच्या गावची रीत हाय का?"

"रीत न्हाई," केरबा म्हणाला. "कायदा हाय."

हौसाबाईच्या दारात बँड येऊन पोचला, खूप वेळ वाजला आणि मागं बघून बंद पडला. उंबऱ्यावर माप भरलेलं होतं. हौसाबाई भाकरतुकडा हातात घेऊन उभी होती. ओट्यावर जगदाळे हवालदार दुसरा लाडू फोडत होते. मग गाडी आली. गाडीत केरबा होता. बाकी कोणी नव्हतं.

"आरं," हौसाबाई म्हणाली, "माझी सून कुठं हाय?"

केरबा खाली उतरला. त्याचा चेहरा समाधानानं फुलला होता. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि हवालदारांच्या हातात दिला. हवालदारांनी तो वाचला. मग आपल्याच चौकीचा शिक्का नीट पाहिला. मग तोंडातला लाडू तसाच ठेवून मोठ्यानं वाचला.

"जमा नग दोन. एक नवरी, हिरवा शालू. एक म्हातारी, झोपलेली. मालक मिळून आला नाही."

हौसाबाई मट्‌दिशी खाली बसली. तिचा पाय लागून माप लवंडलं आणि तांदूळ घरभर पसरले.

केरबा तिच्याजवळ गेला, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नगंस, आई," तो म्हणाला. "या खेपेला मी चुकलो न्हाई. मालक सापडला की कळवतो म्हणालाय शिपाई."