साकव बांधायचा कुणी?

फार पूर्वी एका राजाचं राज्य इतकं पसरलेलं होतं, की डोंगरापलीकडच्या मुलखातली तक्रार राजधानीत पोहोचेपर्यंत तक्रारदार म्हातारा व्हायचा. शेवटी राजा कंटाळला. "रस्ते, पाणी, औषधपाणी तुमचं तुम्ही बघा," म्हणून त्याने त्या मुलखाला स्वतःचा कारभार देऊन टाकला. कारभाराला एक प्रधान आला आणि प्रधानाला जाब विचारायला गावोगावच्या माणसांची सभा. व्यवस्था उत्तम होती. माणसं मात्र माणसंच होती.

सभेचा रिवाज असा, की एका बैठकीत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा. प्रधानाने काहीही उत्तर दिलं की तो प्रश्न निकाली. मग काय, जो तो आपल्या एका प्रश्नात गावाचं कौतुक, आजोबांचा पराक्रम आणि वर एखादं सुभाषित कोंबायचा. जमलेले लोक टाळ्या पिटायचे. उत्तर काय मिळालं, हे कोणी ऐकतच नसे!

नदीपलीकडच्या गावातून एक विधवा बाई सभेत यायची. एकदा तिने विचारलं, "नदीवरच्या साकवाच्या फळ्या कुजल्यात. माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत आणि सुईण राहते अलीकडे. साकव कधी दुरुस्त करणार?"

प्रधान म्हणाला, "साकव नदीवर आहे. नदी राजधानीकडून येते. तेव्हा विषय राजधानीचा."

"अहो, पण रस्ते तर राजाने तुमच्याकडे दिलेत ना?"

"एकच प्रश्न, बाई!" सभापती ओरडले.

बाईने शेजारच्या पाटलाला विनवलं, "दादा, आता तुमची पाळी आहे. माझं तेवढं विचारा."

"छे हो! आमच्या जत्रेच्या कमानीचा प्रश्न महिनाभर पाठ केलाय. तो सोडून तुमच्या साकवाचं विचारलं, तर गावाला काय तोंड दाखवू?"

मग कमानीचा प्रश्न झाला, चांगला दोन श्लोकांसकट. टाळ्याही पडल्या. बाकीच्यांनीही आपापलं पाठांतर म्हणून दाखवलं. अशा लोकांपुढे डोकं आपटायचं तरी किती?

काही दिवसांतच साकव कोसळला. सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण अलीकडच्या काठावर उभी होती आणि मधे नदी होती. सून कशीबशी वाचली. मूल गेलं.

पुढच्या बैठकीला बाई डोंगराला वळसा घालून आली आणि आपली पाळी सोडून मागे जाऊन बसली. पाटील तावातावाने उठला. "साकव कोसळला, हे खरे आहे काय?"

"होय, हे खरे आहे."

दुसऱ्याने विचारलं, "मग तो दुरुस्त का केला नाही?"

"साकवच उरलेला नाही. त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही."

आता बोला! या वेळी टाळ्या पिटायला कुणाचेच हात उठले नाहीत. पुढची पाळी एका तेल्याची होती. तो आपल्या तळ्यावर बोलणार होता, पण त्याने एवढंच विचारलं, "नवा साकव बांधायचा कुणी?"

"विषय राजधानीचा."

त्याच्या मागचा उठला. "नवा साकव बांधायचा कुणी?"

"माहिती घेण्यात येत आहे."

तिसरा उठला, चौथा उठला. प्रश्न तोच. प्रधानाने घाम पुसला.

"आम्हीच बांधायचा," तो अखेर पुटपुटला.

"कधी?" पाचव्याने विचारलं.

"उद्या काम सुरू होईल."

सगळे समाधानाने बाईकडे बघू लागले. ती म्हणाली, "गेल्या बैठकीलाही तुम्ही एवढेच जण होतात."



तात्पर्य: एकाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर दुसऱ्याने आपला प्रश्न बाजूला ठेवून तोच पुन्हा विचारावा. नाहीतर सभा भरते, टाळ्या पडतात आणि कारभारी सुटतो.